शीलाताईंच्या कानातला तन्मय

शीलाताई गजभियेंच्या कानांवर आमचं क्लिनिक चालायचं, असं मी सांगितलं की लोक हसतात. रामदासपेठेतलं आमचं क्लिनिक कान-नाक-घशाचं. तिथे ऐकण्याची तपासणी करणारं मशीन आहे. ते पेशंटला लावायच्या आधी रोज सकाळी कोणीतरी स्वतःच्या कानाला लावून बघायचं असतं. मशीन बरोबर आहे की नाही हे ठरवायला एक भरवशाचा कान लागतो, आणि आमच्याकडे तो शीलाताईंचा होता. मी तिथे नोकरीला लागले तेव्हापासून हेच बघत आले.

साउंडप्रूफ खोलीला आम्ही ‘डबा’ म्हणायचो. जाड भिंती, दुहेरी काचेची लहानशी खिडकी, आणि दार लावलं की कान एकदम भरून आल्यासारखे व्हायचे. ताई आत जाऊन हेडफोन लावायच्या, हातात बटन घ्यायच्या आणि डोळे मिटायच्या. मी बाहेर मशीनवर. मी स्वर द्यायचा, त्यांनी ऐकू आला की बटन दाबायचं, की माझ्या समोरचा हिरवा दिवा लागायचा. स्वर हलका करत करत मी अशा ठिकाणी यायची की मला वाटायचं आता काही लागत नाही दिवा. तरी तो लागायचा. कधी चुकून, उगाच लागला असं मात्र झालं नाही. मी स्वर दिला नाही तर दिवा नाही. मशीनपेक्षा माझा त्यांच्यावर विश्वास जास्त होता, आणि डॉक्टरांचाही.

ताई पन्नाशीच्या, एकट्या, राहायला नंदनवनात. मीही तिकडचीच, म्हणून येता-जाता त्या माझ्या गाडीवर मागे बसायच्या. बाईंना आवाजाचं वावडं होतं. जेवणाचा डबा उघडताना झाकणावर रुमाल धरायच्या, भांडं वाजायला नको. कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात आली की गॅस बंद. ऐन मे महिन्यात नागपुरातली माणसं कूलरसमोरून हलत नाहीत, आणि ह्या कूलर बाहेरच्या खोलीत लावून स्वतः आतल्या भट्टीत झोपायच्या. जयंतीच्या मिरवणुकीला पांढरी साडी नेसून हौसेने जायच्या, पण डीजेची गाडी कोपऱ्यावर दिसली की मागच्या गल्लीने घरी. मी चिडवायची, “ताई, तुम्ही मागच्या जन्मी वाचनालय होता.” त्या म्हणायच्या, “हसून घे. तुले काय माहीत चूप बसणं किती गोड लागते ते.”

पेशंटला सांगायचं त्यांचं वाक्य ठरलेलं होतं. “आवाज आला की दाबा. नुसता वाटला तरी दाबा. वाटणं बी ऐकणंच असते.” हे पुस्तकातलं वाक्य नव्हे, पण पेशंट ते ऐकून सैल व्हायचे.

अशा बाई एका रॉक बँडच्या मागे लागल्या, ही गोष्ट मला आजही सांगताना जरा अवघड जाते.

बँडचं नाव ‘नवतपा’. चार पोट्टे. उन्हाळ्यातले ते जे सगळ्यात तापणारे दिवस असतात, त्या दिवसांत गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत प्रॅक्टिस सुरू केली म्हणून हे नाव. त्यातला ड्रम वाजवणारा तन्मय एका सकाळी आईबरोबर क्लिनिकमध्ये आला. उंच, वाळका, केस मागे बांधलेले, आणि दोन्ही हातांची बोटं सारखी गुडघ्यावर चाललेली. बोलायचं काम आईकडे.

“चोवीस तास ढोल बडवते हा, मॅडम. कान जातीन नाही तर काय होईन?”

“आई, ड्रम म्हणतात त्याले.”

“मले नको शिकवू. मॅडम, याच्या कानात रात्रंदिवस काहीतरी वाजून राहते.”

ताईंनी त्याला विचारलं, “कसा आवाज येते?”

“शिट्टी. पण कुकरसारखी नाही ताई. कोणी तरी लांब बसून ओल्या बोटानं काच घासून राहिल्यासारखी. थांबतच नाही.”

कानात असा आवाज असला की तो कोणत्या पट्टीत आहे हे शोधायचं असतं. मशीनमधून एकेक स्वर देत जायचं आणि विचारायचं, हा का? पेशंट म्हणतो, थोडा वर, थोडा खाली. करता करता एका ठिकाणी मशीनचा स्वर आणि कानातला स्वर एकमेकांत मिसळून जातात, आणि पेशंटला कळेनासं होतं की आपण कुठला ऐकतोय. तन्मयचा तसा सापडला. तो आतून जवळजवळ ओरडला, “हाच! हाच आहे ताई!” इतक्या दिवसांनी कोणीतरी आपल्यावर विश्वास ठेवला, तसा त्याचा चेहरा झाला होता.

पेशंटचा स्वर सापडला की ताई तो एकदा स्वतः ऐकायच्या. ही त्यांची सवय होती, कामाचा भाग नव्हता. क्षणभर हेडफोन लावायचा, मान हलवायची, काढून ठेवायचा. त्या दिवशी त्यांनी तो लावला आणि काढलाच नाही. तन्मय बाहेर येऊन उभा राहिला, त्याची आई पिशवी सावरत उठली, पुढचा पेशंट दारात येऊन खोकला, तरी ताई डोळे मिटून बसलेल्या. शेवटी मी खांद्याला हात लावला. त्या दचकल्या आणि म्हणाल्या, “चांगला आहे गा तुझा आवाज.” असं कोणी पेशंटला म्हणतं का?

डॉक्टरांनी तन्मयला गोळ्या दिल्या, आवाजापासून लांब राहा म्हणाले. पोरगा जाताना ताईंना म्हणाला, “आमचा शो आहे रविवारी, मिहानकडे, मोकळ्या मैदानात. या ना. किती आवाज असते ते तुम्हीच मोजून घ्या.” त्याने गमतीत म्हटलं होतं. ताई खरंच गेल्या, पर्समध्ये आवाज मोजायचं यंत्र घेऊन, आणि मला सोबत ओढून.

दिवस कलला होता. मैदानभर काळे टी-शर्ट घातलेली पोरं. स्टेजवर अजून दिवे लागले नव्हते आणि त्या अर्धवट उजेडात गिटारवर एकच स्वर सुरू झाला. बारीक, लांब, न तुटणारा. गाणं नाही, काही नाही. हळूहळू मैदानातली बडबड थांबली. तो स्वर मी ओळखला. चारच दिवसांपूर्वी तो मी मशीनवर लावून दिला होता. नंतर तन्मयने सांगितलं, ते नेहमी असंच सुरू करतात. “माह्या कानात जे वाजून राहते, ते आधी सगळ्यांच्या कानात टाकतो. मंग सगळे सारखे होतात.” हे त्याने हसत सांगितलं, आणि मला मुळीच हसू आलं नाही.

मग जो दणका सुरू झाला तो विचारू नका. माझ्या बरगड्या हलत होत्या. ताईंच्या दोन्ही कानांत कापूस. त्यांनी यंत्रावरचा आकडा मला दाखवला, शाळेत मुलाचे मार्क दाखवावेत तसा. थोड्या वेळाने यंत्र पर्समध्ये गेलं. मग बघते तर कापूसही काढलेला. मी वैतागून पुटपुटले की घरी अजून पोळ्या करायच्या आहेत. त्या गदारोळात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. ताई वळून म्हणाल्या, “तर जा ना मंग. पोळ्या काहून ठेवल्या राहू?”

 मी पुटपुटले तेव्हा त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या, की ओठ वाचले म्हणावं.

परत येताना गाडीवर मागून म्हणाल्या, “रेखा, मले आज सगळे लोकं साफ ऐकू आले वं. लांब उभे होते ते बी. लहानपणी माय हाक मारे ना, तशे.” मला वाटलं बाईंना ऊन लागलं.

त्यानंतर ताई नवतपाच्या झाल्या. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. काळा टी-शर्ट घेतला, तो सलवारवर घालून, वरून ओढणी. कॉलेजांची गॅदरिंगं, कॅफेतले छोटे शो, कुठे मॉलच्या आवारात. जिथे नवतपा तिथे ताई, आणि तेही अगदी पुढे, स्पीकरच्या शेजारी. पोट्टे आधी हसले, मग त्यांच्यासाठी जागा धरायला लागले. ताई येताना कापसाचा पुडा आणायच्या आणि पोरांच्या कानात स्वतःच्या हाताने बोळे घालायच्या. “तुम्ही घाला. मले नाही पाहिजे.” सगळी गाणी पाठ. गाण्याच्या ओळी नव्हे, कुठल्या गाण्यात तन्मयचा हात कुठे किंचित थांबतो ते पाठ. जेवताना झाकणावरचा रुमाल कधी गेला मला कळलं नाही. आता त्या टेबलावर बोटं वाजवत बसायच्या आणि मी म्हणायची, “ताई, चूप बसणं गोड लागते ना?” “लागत होतं,” त्या म्हणायच्या.

मला बरं वाटायचं, खरं सांगते. माणूस उशिरा का होईना फुलला. त्यांच्या तोंडी घरच्यासारखी नावं यायला लागली होती. तन्मयची आई सणाला त्यांच्याकडे डबा पाठवायला लागली. ताई तिला वहिनी म्हणायच्या.

मग एका सकाळी रोजची तपासणी करत होते. मी मशीन लावलं, स्वर द्यायचा होता, अजून दिला नव्हता. हिरवा दिवा लागला.

मी हात मागे घेतला. दिवा तसाच. काचेतून बघितलं, ताई डोळे मिटून, बटनावर अंगठा, चेहरा शांत. मी स्वर दिलेलाच नव्हता.

आम्ही काय करावं? मशीन बिघडलं असं ठरवलं. ताईंचा कान चुकेल हे कोणाच्या मनातही आलं नाही. मशीन दुरुस्तीला गेलं, ठणठणीत आहे म्हणून परत आलं. पुन्हा तेच. हलके स्वर मी देत होते ते त्यांना ऐकू येत नव्हते, आणि मी देत नव्हते तो येत होता. डॉक्टरांनी मेकॅनिकला फोनवर झापलं आणि मशीन पुन्हा पाठवलं. पुन्हा ठणठणीत. सगळा गाव ज्या घड्याळावर चालतो ते पुढे गेलं तर गाव सूर्याला दोष देईल, तसं आमचं चाललं होतं. शेवटी ताईच म्हणाल्या, “मशीनले कायले तरास देता सर? माझे कान पाहा.”

कानाच्या आत एक अगदी लहान हाड असतं, ते घट्ट होत चाललं होतं. घराण्यात असतो असा आजार आहे, गाण्यांमुळे नाही, असं डॉक्टर म्हणाले, आणि तरीही गाण्यांवरून रागावले. ह्या आजारात शांततेत कमी ऐकू येतं, आणि गोंगाटात माणसांचं बोलणं उलट साफ ऐकू येतं, हेही त्यांनीच सांगितलं. मला मैदानातल्या पोळ्या आठवल्या. चला, कारण सापडलं, असं वाटून मी जरा सुटले. कानातल्या आवाजाचंही त्यांच्याकडे कारण होतं. असा आवाज ह्या आजारात येतोच, आणि बऱ्याच लोकांचा साधारण ह्याच पट्टीत असतो.

ताई ऐकून घेत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “साधारण नाही वं. मी लावून पाहिला. तोच आहे. तन्मयचाच.”

“मग?”

“मंग काय? आता शो नसला तरी घरी येते माझ्या.”

त्यांच्या तोंडावर आनंद होता, आणि मला तो बघवत नव्हता.

पुढचं मी स्वतः पाहिलं नसतं तर कोणाला सांगितलं नसतं. दुपारचा चहा चालला होता. ताईंनी कप तोंडाला लावला आणि तसाच धरून ठेवला. चेहरा पांढरा. “बंद झाला,” म्हणाल्या. काय, म्हणून मी विचारलं. “तन्मयचा.” त्यांनी त्याला फोन लावला, तो उचलेना. मग त्याच्या आईला लावला. ती म्हणाली, घरून निघालाय मघाशी, काही नाही. मी म्हटलं बघा, उगाच. ताई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने श्वास सोडला आणि म्हणाल्या, “आला.” संध्याकाळी तन्मयच्या आईचा फोन आला. त्याची गाडी घसरली होती, डोक्याला लागून रस्त्यातच बेशुद्ध पडला होता, दवाखान्यात शुद्धीवर आला.

योगायोग म्हणायला मी मोकळी होते, आणि तसं म्हटलंही. पण तन्मयच्या आईने तसं म्हटलं नाही. टाके घातलेल्या पोराला घेऊन ती क्लिनिकमध्ये आली आणि ताईंच्या पाया पडायला वाकली. ताईंनी तिला वरच्या वर धरलं. तन्मय आधी खूप हसला. मग त्याची बोटं गुडघ्यावर थांबली आणि तो म्हणाला, “म्हणजे ताई, माझं बंद झालं तर सगळ्यात आधी तुम्हाले कळन.”

“असं बोलू नको, पोट्ट्या,” त्याची आई म्हणाली.

त्या वर्षी दिवाळीनंतर तन्मयच्या कानातला आवाज वाढत गेला. ताईंना तो सांगायचा, स्टेजवर आता मले माझाच ड्रम ऐकू येत नाही, फक्त तो येते. डॉक्टर बदलले, औषधं बदलली. आणि एका दुपारी तो घरातून गेला. फोन टेबलावर, गाडीची किल्ली खुंटीवर, अंगावरच्या कपड्यांनिशी. भांडण नाही, चिठ्ठी नाही. बँडच्या पोरांनी स्टेशन, बसस्टँड, दवाखाने, सगळं पालथं घातलं. पोलिसांत नाव नोंदवलं. पोरगा नाही तो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्लिनिकचं शटर उघडलं तर तन्मयची आई पायरीवर बसलेली.  ताई आल्या तशी उठून उभी राहिली.

“वाजून राहिला का, मॅडम?”

ताईंनी तिच्याकडे पाहिलं, सरळ डब्यात गेल्या, हेडफोन लावून डोळे मिटले. मी सवयीने मशीन चालू केलं. दिवा लागला आणि लागलेला राहिला. त्याची आई माझ्या मागे उभी राहून त्या दिव्याकडे बघत होती. मग तिने हात जोडले, आणि तिच्या पोटातून असा आवाज निघाला की मला बाहेर निघून जावंसं वाटलं.

तेव्हापासून रोज. ती पाण्याचा थेंब न घेता यायची. दिवा बघायची, “वाजून राहिला” असं स्वतःशीच म्हणायची, आणि मग कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन चहा घ्यायची, तोच तिचा दिवसाचा पहिला घोट. ताईंना एकदा ताप होता तर ती नंदनवनात त्यांच्या घरी पोचली. दिवा तिथे नव्हता, म्हणून ताईंनी नुसती मान हलवली. तेवढ्याने ती पाणी प्यायली. मशीनची खरी तपासणी आता माझ्या कानांनी व्हायची. ताई डब्यात जायच्या त्या तन्मयसाठी.

ऐकू येणं त्यांचं कमी कमी होत गेलं. पेशंट काय म्हणतो ते मी ओरडून सांगायची. त्यांचा स्वतःचा आवाज हलका होत चालला, कारण ह्या आजारात माणसाला स्वतःचं बोलणं आतून मोठं वाटतं. डॉक्टरांनी एक दिवस समोर बसवलं. ऑपरेशन करून टाकू म्हणाले, मी स्वतः करतो. बरंचसं ऐकू येईल. आणि कानातला आवाजही बहुतेक जाईल.

“म्हणूनच नाही करत, सर,” ताई म्हणाल्या.

मी भांडले. गाडीवर, सिग्नलला, लोक बघतायत तरी. “कोण कुठला तो, ताई! त्याच्यासाठी तुम्ही ठार बहिऱ्या होणार? नोकरी जाईल. उद्या दारावरची बेल ऐकू येणार नाही. तो येणार आहे का तुमची भाकरी टाकायला?”

त्या रहदारीच्या आवाजात त्यांना माझा शब्दन् शब्द ऐकू आला. थोड्या वेळाने म्हणाल्या, “मी फॅन आहो ना वं त्याची.”

 मला रडू येत होतं आणि राग त्याहून जास्त येत होता.

थंडी सरून ऊन चटके द्यायला लागलं होतं तेव्हाची ती सकाळ. तन्मयची आई माझ्या मागे उभी. ताई आत गेल्या. दिवा लागला. रोजच्यासारखा, स्थिर. मी काचेतून पाहिलं. ताईंचे डोळे उघडे होते. इतक्या वर्षांत डब्यात बसलेल्या ताईंचे डोळे मी उघडे पाहिले नव्हते. त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या आणि अंगठा बटनावर इतका घट्ट की नख पांढरं पडलं होतं.

मी का केलं ते मला सांगता येणार नाही. मी तन्मयचा स्वर लावला आणि दिला. गेले कित्येक महिने तो दिला तरी त्यांना कळायचा नाही, त्यांच्या आतल्या स्वरात बुडून जायचा. त्या दिवशी त्या दचकल्या. मान झटक्यात वर झाली, आणि डोळ्यांत एक क्षणभर असं काही आलं, दारात हरवलेलं माणूस उभं दिसावं तसं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा हात मशीनवर होता. तो स्वर मी दिला होता, हे त्यांना कळलं. आत काही वाजत नाही, हे मला कळलं.

अंगठा त्यांनी उचलला नाही. मी स्वर बंद केला. दिवा तसाच.

“वाजून राहिला,” तन्मयची आई म्हणाली, आणि चहा प्यायला गेली.

ताई बाहेर आल्या. “कधीपासून?” मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं.

“काल. भाजी चिरून राहिली होती.”

कान जसे बिघडतात तसे कधी कधी आवाजही आपोआप थांबतात, डॉक्टरांना विचारू, असं मी काहीबाही बोलत होते. माझं मलाच पटत नव्हतं. मग म्हटलं, “आता तरी ऑपरेशन करून घ्या. आता कशासाठी थांबायचं?”

“आणि त्या बाईले काय सांगू? ऑपरेशन झालं की आवाज जाते, हे तिले सर बोलले आहेत. मंग ती पाणी पिईन का?”

“म्हणजे नसलेल्या आवाजासाठी...”

“हो,” ताई म्हणाल्या. “हळू बोल.”

त्या उन्हाळ्यात त्यांनी नोकरी सोडली. सोडावीच लागली. बाहेरचं जवळजवळ काही ऐकू येत नव्हतं, आणि आत तर काहीच नव्हतं. एके काळी चूप बसणं गोड मानणाऱ्या बाई आता पुरत्या शांततेत राहायच्या, आणि मला ते सहन व्हायचं नाही, म्हणून मीही जाणं कमी केलं. तन्मयची आई मात्र रोज सकाळी नंदनवनात जायची, असं कळायचं. ताई मान हलवायच्या.

पुढच्या थंडीत नवतपाचा शो लागला, नवा ड्रमर घेऊन. मी मुद्दाम गेले. संध्याकाळ उतरत होती आणि ताई व तन्मयची आई, दोघी मला लांबूनच दिसल्या, स्पीकरच्या शेजारी, दोघींच्या अंगात काळे टी-शर्ट, तन्मयच्या आईचा गुडघ्यापर्यंत लोंबणारा, बहुधा पोराचाच असावा. गाणी चालू असेपर्यंत ताई माझ्याशी व्यवस्थित बोलल्या. त्या दणक्यात मी साध्या आवाजात कशा आहात विचारलं, तर म्हणाल्या, “बरी आहो. तू वाळली वं.” पोळ्या करतेस की नाही, असंही विचारलं.

मग दोन गाण्यांच्या मध्ये स्टेजवर काहीतरी तार निसटली आणि सगळं थांबलं. मैदान गप्प झालं. त्या गप्पपणात ताईंना आता काही ऐकू येत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तन्मयच्या आईने त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला, जवळ ओढला, आणि आपला कान त्यांच्या कानाला लावला. अगदी घट्ट. डोळे मिटून घेतले. आजूबाजूची पोरं बघत होती आणि कोणी हसलं नाही. ताई हलल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या, आता काय होणार, अशा नजरेने.

तन्मयच्या आईच्या तोंडावर हळूहळू हसू आलं. “आहे,” ती म्हणाली. “जोरात आहे आज.”

ताईंनी हनुवटीने मला विचारलं, काय म्हणते? मी त्यांच्या दुसऱ्या कानाशी वाकले आणि सांगितलं, “ऐकू येतोय म्हणतात त्यांना.”

मला वाटलं त्या डोळे खाली घालतील. त्यांनी माझं मनगट पकडलं.  आवाज इतका हलका की मलाच ओठांकडे बघावं लागलं.

“विचार ना वं तिले,” ताई म्हणाल्या, “कोणत्या कानात? तिच्या, का माझ्या?”